उभ्याने रोम

रोममध्ये कॉफीचे दोन भाव असतात: एक उभ्याचा, एक बसल्याचा. कप तोच, यंत्र तेच, कॉफी करणारा मिशीवालाही तोच. काउंटरला टेकून प्यायलात तर सव्वा-दीड युरोत काम होतं. तोच कप घेऊन बाहेरच्या खुर्चीत बसलात की बिल तिप्पट-चौपट होतं, आणि खुर्चीसमोर एखादं नामांकित कारंजं असलं तर त्याचं भाडंही आपल्याच कॉफीतून वसूल होतं. फसवणूक म्हणावी तर दोन्ही भाव भिंतीवर रीतसर लावलेले असतात. प्रथाही जुनी आहे. १९११ च्या एका कायद्याने इटलीतल्या नगरपालिकांना गरजेच्या वस्तूंचे कमाल भाव बांधून द्यायची मुभा दिली. कॉफी त्या यादीत गेली, पण भाव बांधला गेला तो फक्त उभ्याने प्यायच्या कॉफीचा. खुर्चीचा भाव मोकळाच राहिला, आणि तेव्हापासून इटली सकाळी काउंटरपाशी उभी आहे ती आहेच.

या शहरात उभं राहणं स्वस्त आणि बसणं महाग आहे हे समजायला बहुतेक प्रवाशांना एखादं सणसणीत बिल लागतं. मामांना ते पहिल्याच सकाळी बिलाशिवाय समजलं. मामा मिरज आगारातून निवृत्त झालेले एसटीचे वाहक. बसलेले किती, उभे किती, हे मोजण्यातच हयात गेलेली. काही कॉफीबारमध्ये आधी गल्ल्यावर पैसे भरायचे, पावती घ्यायची आणि मग ती काउंटरवर दाखवून कॉफी मागायची, अशी पद्धत आहे. मामांनी ती पाहिली आणि समाधानाने मान डोलावली. "आधी तिकीट, मग सीट. माणसं शिस्तीची आहेत."

मामांचा भाचा जर्मनीत आखेनला इंजिनिअरिंगचं पुढचं शिक्षण घेतो. २०२४ च्या दिवाळीत मामा त्याच्याकडे गेले आणि भाच्याने, विद्यार्थ्यांच्या रीतीप्रमाणे, सर्वांत स्वस्त विमान धुंडाळून रोमचा बेत केला. अंदाजपत्रक कडक होतं: झोपायचे पैसे सोडून माणशी रोज वीस युरो. मामांनी रुपये काढायला विसाला लगेच नव्वदने गुणलं. गुणाकाराची ही खोड शेवटपर्यंत सुटली नाही. पाण्याची बाटली, संडासाचा एक युरो, देवळातली मेणबत्ती, जे दिसेल त्याला ते नव्वदने गुणत होते आणि दर वेळी नव्याने दचकत होते.

स्वस्त विमानाची अट अशी की पाठपिशवी आसनाखाली मावली पाहिजे. विमानतळावर त्यासाठी लोखंडी पिंजरा ठेवलेला असतो. त्यात पिशवी गेली तर ठीक, नाहीतर तिकिटाहून जास्त दंड. मामांची पिशवी जाईना, कारण आत बहिणीने मिरजेहून धाडलेला फराळ होता. मग चिवडा कोटाच्या डाव्या खिशात गेला, लाडू उजव्या खिशात आणि चकलीचा डबा भाच्याच्या जॅकेटच्या टोपीत. फुगलेल्या मामांना पिंजऱ्यात घालून पाहावं असं त्या कर्मचाऱ्याच्या मनात येऊन गेलं असावं, पण माणसाला मापं लागू नाहीत.

रोमचं मुख्य स्थानक तेर्मिनी. त्याच्या आसपासच्या गल्ल्यांत वसतिगृहं दाटीवाटीने आहेत. एका खोलीत आठ खाटा, दोन मजली. मामांच्या वाट्याला वरची आली. खाटेच्या भाड्याशिवाय माणशी रोजचा शहर-कर वेगळा, तोही रोख. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मामांनी पिशवीतून पणती काढली तेव्हा भाच्याने छतावरच्या धुराच्या यंत्राकडे बोट दाखवलं. ते वाजलं तर अग्निशामक दल येतं आणि त्याचं बिल लक्ष्मीच्या नावे फाटत नाही. शेवटी मोबाइलची बत्ती पेल्याखाली ठेवून लक्ष्मीपूजन झालं. प्रसादाचा चिवडा खोलीतल्या उरलेल्या सहा खाटांनी संपवला.

शहर त्या दिवसांत सगळीकडे उकरलेलं होतं. तेर्मिनीसमोरचं मोठं मैदान पत्र्यांनी वेढलेलं, पिआत्सा वेनेत्सियात भुयारी मेट्रोच्या कामाची अजस्र पिंपं. भाच्याने खुलासा केला की दर पंचवीस वर्षांनी कॅथलिकांचं पवित्र वर्ष येतं, २०२५ चं आता तोंडावर आलंय, लाखो यात्रेकरू येणार म्हणून ही डागडुजी. मामांना पुढे काही सांगावं लागलं नाही. "म्हणजे सिंहस्थ," ते म्हणाले आणि कामं वेळेत होतील की नाही यावर त्यांनी स्वतःचं मत देऊन टाकलं.

डागडुजीचा फटका बसला तो गंगेला. पिआत्सा नावोनाच्या मधोमध बेर्निनीचं १६५१ सालचं चार नद्यांचं कारंजं आहे. चार खंडांच्या चार नद्या, त्यांत आशियाची गंगा. दिवाळीत परदेशात गंगादर्शन होणार म्हणून मामा पहाटेच आंघोळ करून निघाले होते. चौकात पोचल्यावर दिसल्या परांचीच्या फळ्या आणि जाळी. भाच्याने फोनवर फोटो दाखवला. त्यात गंगा म्हणजे हातात लांब वल्हं घेतलेला दाढीवाला बलदंड पुरुष. मामा बराच वेळ फोटोकडे पाहत राहिले. "झाकलीय तेच बरंय," ते म्हणाले.

त्रेवीच्या कारंज्याची गत आणखी मजेदार होती. १७६२ मध्ये पुरं झालेलं हे बांधकाम सफाईसाठी कोरडं केलेलं. पण त्याच्याकडे पाठ करून खांद्यावरून नाणं टाकलं की माणूस रोमला परत येतो, ही समजूत काही कोरडी पडली नव्हती. शिवाय या नाण्यांतून वर्षाला दहा लाख युरोंच्या वर रक्कम जमते आणि ती कारितास या धर्मादाय संस्थेला जाते. तेव्हा नगरपालिकेने समोर एक छोटा चौकोनी हौद मांडून दिला होता. जगभरातून आलेली माणसं त्या हौदाकडे पाठ करून, डोळे मिटून, भक्तिभावाने नाणी टाकत होती आणि मागे ते जगप्रसिद्ध शिल्प ठणठणीत कोरडं उभं होतं. मामांनी खिशातून रुपया काढला. "परत यायचं म्हणजे परत व्हिसा," असं म्हणून तो पुन्हा खिशात ठेवला.

पाणी मात्र रोममध्ये खरोखर फुकट. रस्तोरस्ती बिडाचे बुटके नळखांब आहेत, १८७४ पासून बसवत आलेले, आज अडीच हजारांच्या आसपास. बाकदार तोटीतून गार पाणी रात्रंदिवस वाहत असतं. तोटी बोटाने दाबली की वरच्या बाजूच्या भोकातून कारंजासारखी धार उडते आणि न वाकता पिता येतं. मामांना आधी ही नळ उघडा टाकण्याची उधळपट्टी वाटली आणि त्यांनी तो बंद करायची चावी दोन्ही बाजूंनी शोधली. मग युक्ती कळल्यावर ते प्रत्येक खांबापाशी थांबू लागले, तहान असो वा नसो.

बसण्याची अडचण खरी जाणवली ती स्पॅनिश पायऱ्यांवर. १७२० च्या दशकातला हा भव्य जिना. बांधायला पैसा एका फ्रेंच मुत्सद्द्याच्या मृत्युपत्रातून आला, नाव मिळालं पायथ्याच्या स्पॅनिश वकिलातीवरून, आणि आता वर पहारा इटालियन पोलिसांचा. जिना इतका ऐसपैस की पाहताक्षणी बूड टेकावंसं वाटतं. पण २०१९ पासून इथे बसायला बंदी आहे आणि दंड अडीचशे युरोंपर्यंत. मामांचे गुडघे जेमतेम वाकले होते तोच कर्कश शिट्टी वाजली. मामा जागच्या जागी ताठ झाले. बावीस हजार पाचशे रुपये! दंडाच्या धास्तीने त्यांनी उरलेल्या पायऱ्या रेलिंगलाही न टेकता चढल्या.

रोममध्ये बसणं पूर्वीपासूनच जोखमीचं आहे म्हणा. लार्गो आर्जेंतिनाच्या चौकात रस्त्याच्या पातळीखाली चार जुन्या देवळांचे अवशेष आहेत. त्यांच्यामागेच इसवी सनपूर्व ४४ मध्ये, १५ मार्चला, ज्यूलियस सीझरला मारलं. सीझर येऊन आसनावर बसला आणि मारेकरी त्याच्याभोवती गोळा झाले, असं जुने इतिहासकार लिहून गेलेत. २०२३ पासून तिथे खाली उतरून फिरता येतं, तिकीट पाच युरो. वरच्या कठड्याला टेकून पाहायला काही पडत नाही, आणि अवशेषांत राहणारी मांजरंही वरून जास्त चांगली दिसतात. सीझरचा खून, मांजरं आणि कागदात बांधून आणलेला बटाट्याचा पिझ्झा असा कार्यक्रम तिथेच उरकला. हा पिझ्झा रोममध्ये कात्रीने कापून वजनावर विकतात. उपाहारगृहात बसलं तर न मागता पुढे आलेल्या पावाचेही पैसे बिलात लागतात. कात्रीवाल्याकडे ती भानगड नाही. माळकरी माणसाला बटाटा भेटला की जग आपलं वाटतं.

फुकट बसायची एक जागा रोममध्ये आहे, तीही शेकड्यांनी: चर्च. पण तिथेही एक गंमत करून ठेवलेली आहे. सान लुइजी देइ फ्रांचेझी या चर्चमध्ये डाव्या हाताच्या शेवटच्या कोनाड्यात काराव्हाज्जोची तीन चित्रं आहेत, १६०० च्या आगेमागे रंगवलेली. जगातल्या कुठल्याही संग्रहालयाने त्यांच्यासाठी वीस-पंचवीस युरो लावले असते. इथे आत जायला पैसे नाहीत. मात्र कोनाडा अंधारा आहे. कठड्यापाशी एक पेटी आहे, तिच्यात नाणं टाकलं की दिवा लागतो, आणि थोड्या वेळाने खटकन विझतो.

मामा-भाचे पोचले तेव्हा दिवा विझलेला होता आणि अंधारात वीसएक माणसं गप्प उभी होती. सगळ्या देशांची, सगळ्या वयांची, पाठीवर पिशव्या, हात खिशात. जो तो दुसऱ्याच्या नाण्याची वाट पाहत होता. कुणी छताकडे बघतोय, कुणी फोनवर बोट फिरवतोय, एक जण तर डोळे मिटून प्रार्थनेत शिरला होता. मामांनी या मंडळींना एका नजरेत ओळखलं. "सुट्टे सगळ्यांकडे असतात," ते भाच्याच्या कानात म्हणाले. "काढत कुणी नाही."

अखेर एका म्हाताऱ्या बाईंचा धीर सुटला. नाणं खणखणलं, दिवा लागला आणि वीस माणसं एकदम पुढे सरकली.

डाव्या भिंतीवर मॅथ्यूला आलेल्या बोलावण्याचं चित्र आहे. मॅथ्यू हा जकात वसूल करणारा. टेबलाभोवती पाच जण जमलेत, टेबलावर नाणी. उजवीकडून ख्रिस्त आणि पीटर आलेत, उभेच आहेत. ख्रिस्ताने हात पुढे केलाय आणि त्या हाताच्या दिशेने वरून उजेडाचा पट्टा टेबलावर पडलाय. एक दाढीवाला स्वतःच्या छातीकडे की शेजाऱ्याकडे, नक्की कुठे ते न कळेल असं, बोट दाखवतोय. टोकाला एक पोरगा मान खाली घालून नाणी मोजतोय, त्याच्यावर एक चष्मेवाला म्हातारा वाकलाय. मॅथ्यू कोणता, दाढीवाला की मान खाली घातलेला पोरगा, यावर कलेच्या अभ्यासकांत वाद आहे. दिवा विझायच्या आत भाच्याने तो घाईघाईने समजावला.

मामांना त्यात वादासारखं काही दिसलं नाही. "हा पोरगा," ते म्हणाले. "ड्यूटी संपताना हिशोबात पैसे कमी भरले की माणूस वर बघत नाही. समोर साक्षात पांडुरंग येऊन उभा राहिला तरी आधी थप्पी जुळवणार. दाढीवाला म्हणतोय, साहेब, मी नव्हे, मशीन याच्याकडे आहे."

खटकन दिवा विझला.

आता पुन्हा तीच शांतता, तेच खिशातले हात. मामांनी एक युरो काढला, मनात नव्वदने गुणला, सुस्कारा टाकला आणि पेटीत सोडला. तो उजेड मात्र त्यांनी कुणाला फुकट वाया घालवू दिला नाही. कठड्याला चिकटलेल्यांना मागे घेतलं, मागच्या बुटक्यांना पुढे आणलं, सेल्फी काढणाऱ्या जोडप्याला खांद्याला धरून बाजूला केलं. सगळं मराठीत. कुणी हुज्जत घातली नाही. प्रवाशांना आवाजातला अधिकार कळतो, भाषा कुठलीही असो. त्याआधी चौसष्ट नंबरच्या बसमध्येही हेच झालं होतं. तेर्मिनीहून व्हॅटिकनच्या बाजूला जाणारी ही बस खिसेकापूंसाठी बदनाम आहे आणि कायम खच्चून भरलेली असते. मामांनी "चला, आत सरका, मधे जागा आहे," अशी आरोळी दिली आणि मधे खरंच जागा झाली.

सेंट पीटर्स चर्चच्या घुमटावर जायला ५५१ पायऱ्या आहेत. लिफ्ट घेतली तर ३२० उरतात. तिकिटात तेव्हा फरक दोन युरोंचा होता. मामांनी तिथल्या तिथे भागाकार केला: दोनशे एकतीस पायऱ्या, एकशे ऐंशी रुपये, म्हणजे पायरीला अठ्ठ्याहत्तर पैसे. "आपण आपल्याला अठ्ठ्याहत्तर पैसे पायरी देऊ," असं म्हणून ते जिन्याने निघाले. वरचा जिना घुमटाच्या कलत्या भिंतीला धरून जातो, त्यामुळे माणसालाही तिरपं चालावं लागतं. वर पोचल्यावर मामांना बोलता येत नव्हतं. कमाई झालेले एकशे ऐंशी रुपये खाली उतरल्यावर आइस्क्रीममध्ये गेले, वर थोडे पदरचे पडले.

महिन्याच्या पहिल्या रविवारी इटलीतली सरकारी संग्रहालयं आणि प्राचीन वास्तू फुकट असतात. नोव्हेंबर २०२४ चा पहिला रविवार तीन तारखेला आला आणि त्याच दिवशी भाऊबीज. कोलोसियमची रांग पाहून भाच्याने माघार घेतली. मामांना त्याचं फार वाईट वाटलं नाही, कारण त्यांना हवं ते त्यांनी आदल्या संध्याकाळी बाहेरूनच पाहिलं होतं: कमानींच्या माथ्यावर कोरलेले, एकोणीसशे वर्षं टिकलेले दरवाजांचे आकडे. पन्नासएक हजार प्रेक्षक, प्रत्येकाचा दरवाजा ठरलेला, बसायची जागा पायरीनुसार. मानकरी खाली, गरीब आणि बायका थेट वरती. मामांनी आरक्षणाच्या या व्यवस्थेला पूर्ण गुण दिले, बायकांच्या जागांवर फुली मारून.

तेव्हा रविवारी सकाळी पँथिऑन या दुसऱ्या प्राचीन वास्तूची रांग धरली. एरवी इथेही २०२३ पासून तिकीट लागतं, तेव्हा ते पाच युरोंचं होतं. रांग मुंगीच्या पावलाने सरकत असतानाच मिरजेहून व्हिडिओ कॉल आला. तिकडे दुपार टळायला आली होती. बहिणीने ताम्हन सजवलं होतं, फोन डब्याला टेकवून समोर पाट मांडला होता.

"दादा, बस की जरा खाली. उभ्याने कोण ओवाळून घेतं?"

मामांनी इकडे-तिकडे पाहिलं. कारंज्याच्या पायऱ्या होत्या, पण त्यांना शिट्टी आठवली. समोर कॉफीहाउसच्या खुर्च्या होत्या, त्यांचा भाव त्यांना पाठ होता. "इथं बसायला पैसे पडतात," ते म्हणाले. "उभ्यानेच ओवाळ." बहिणीला ती थट्टा वाटली. भाच्याने फोन फिरवून आईला चौक दाखवला, दरपत्रक दाखवलं, पोलीसही दाखवला. शेवटी तिने पाटाला उद्देशून ओवाळलं आणि ओवाळणी मागितली. "ती तुझ्या पोरानेच खर्च केली," मामा म्हणाले, "वीस युरो रोज." मागे उभ्या असलेल्या कोरियन मुलींच्या एका घोळक्याने टाळ्या वाजवल्या आणि त्यांना लाडू मिळाले.

आत शिरल्यावर मामांनी टोपी काढली आणि वर पाहिलं. सम्राट हेड्रियनच्या काळातला, इसवी सन १२५ च्या सुमाराचा घुमट. व्यास ४३.३ मीटर, जमिनीपासून उंचीही तेवढीच, आणि अंगात लोखंडाची एक सळई नाही. काँक्रीटचा असा बिनसळईचा मोठा घुमट जगात दुसरा नाही. ऐन माथ्यावर जवळजवळ नऊ मीटरचं उघडं भोक. पाऊस थेट आत पडतो. गळक्या टपांशी मामांचा जुना परिचय. त्यांनी वरून नजर खाली आणली, वाकून फरशी न्याहाळली. फरशीला मधे किंचित फुगार आहे आणि तिच्यात बारीक भोकं पाडून खाली पाण्याला वाट दिलेली आहे. "गळणार हे धरूनच बांधलंय," ते म्हणाले. चित्रकार राफाएलची समाधी, इटलीच्या राजांची थडगी वगैरे भाच्याने एकट्यानेच पाहिली. पँथिऑन सातव्या शतकापासून चर्च आहे, म्हणून आत बाकं आहेत. मामा एका बाकावर जाऊन बसले होते आणि उठायचं नाव घेत नव्हते.

परतीच्या बसचं तिकीट दीड युरोचं, शंभर मिनिटं चालतं. वाहक नसतो. तंबाखूच्या दुकानातून तिकीट आणायचं आणि चढल्यावर बसमधल्या छोट्या यंत्रात घालून त्यावर वेळ छापून घ्यायची. यंत्र बंद असलं तर पेनने लिहायची. आपणच आपल्याला तिकीट मारायचं, ही कल्पना मामांना पहिल्या दिवसापासून घातक वाटत आली होती. भाचा बँकेचं कार्ड टेकवून मोकळा होई, मामा मात्र कागदी तिकीटच घेत आणि वेळ नीट उमटली का ते उजेडात धरून पाहत. तेर्मिनीच्या दोन थांबे आधी साध्या कपड्यातले दोन तपासनीस चढले. मामांनी त्यांना ओळखपत्र बाहेर यायच्या आधीच, नुसत्या उभं राहण्याच्या ढबीवरून ओळखलं आणि तिकीट पुढे केलं. शेजारचा पाठपिशवीवाला तरुण अडकला. त्याच्या तिकिटावर वेळ नव्हती. तो इंग्रजीत सांगत होता की यंत्र बिघडलंय. तपासनिसाने भुवया वर केल्या. दंड पन्नास युरोंच्या पुढे.

मामा दोघांच्या मधे झाले. "भाच्या, साहेबांना सांग, यंत्र चालू आहे. मी आत्ताच माझं मारलंय. आणि याला विचार, पेन नव्हतं का?"